लिलीवरचा लाल भुंगेरा: पहिल्याच वर्षी काय करायचं

बॉस्टनच्या आसपास एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लिलीचे कोंब मातीतून डोकं वर काढतात. बोटभर उंच झाले की त्यांच्यावर एखादा लालभडक किडा बसलेला दिसतो. करंगळीच्या नखाहून लहान, लाख लावल्यासारखा चकाकणारा. नवीन माणसाला तो गोड वाटतो. मलाही वाटला होता. मी त्याचा फोटो काढून कौतुकाने साताऱ्याला आईला पाठवला. जूनमध्ये त्याच वाफ्यात पानं नसलेल्या पाच काड्या उभ्या होत्या.

त्यानंतरच्या वर्षांत या किड्याशी माझी बऱ्यापैकी ओळख झाली. एक गोष्ट आधीच सांगते. दुकानात कुठली बाटली घ्यायची हा प्रश्न दुय्यम आहे. मे महिन्यात लिलीची पानं उलटून बघायची सवय लागली तर बाटलीची गरज बहुतेक पडत नाही, आणि ती सवय नसेल तर बाटली उपयोगाची नाही.

आधी बघा, तुमची लिली कुठली

आपण मराठीत ‘लिली’ हा शब्द फार सैल वापरतो. पहिल्या पावसानंतर फुलणारी गुलाबी रेन लिली, सोसायटीच्या कुंपणाला लावलेली लांब पाकळ्यांची पांढरी स्पायडर लिली, मे महिन्यात अचानक लाल गोळा घेऊन उगवणारी फुटबॉल लिली, यांतली एकही खरी लिली नव्हे. या लाल भुंगेऱ्याला हवी असते ती खरी लिली, म्हणजे लिलियम: एशियाटिक, ओरिएंटल, टायगर लिली, ईस्टरला कुंडीत भेट मिळते ती पांढरी. दुसरी आवड म्हणजे फ्रिटिलारिया, वसंतात फुलणारं तिचंच एक भावंड. अंडी घालून पिलावळ वाढवायची ती या दोन घराण्यांवरच. भूक लागली तर तो होस्टा किंवा हॉलिहॉकचं पान कुरतडतो, पण तिथे संसार थाटत नाही.

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो तो डेलिलीवरून. जुलैमध्ये रस्त्याच्या कडेला, टपालपेट्यांच्या पायाशी जी नारंगी फुलं झुबक्याने दिसतात ती डेलिली, आणि तिला हा किडा त्रास देत नाही. फरक फुलावरून ओळखू नका, पानांवरून ओळखा. डेलिलीची पानं गवतासारखी बुडातूनच फुटतात आणि फुलाचा दांडा बोडका असतो. खऱ्या लिलीचा एकच सरळ दांडा असतो आणि त्याला खालपासून वरपर्यंत पानं असतात. बागेत फक्त डेलिली असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, चहा घ्या.

गावाकडच्या लिलीवर आईला दिसते ती कीड वेगळी. स्पायडर लिलीची पानं फस्त करणारी, काळ्या अंगावर पांढरे आणि नारंगी-लाल ठिपके असलेली अळी एका पतंगाची असते. तीच अळी कळलावीवरही येते. भुंगेऱ्याशी तिचा संबंध नाही, त्यामुळे खालचे उपाय तिकडे फोनवरून सांगायला जाऊ नका.

किडा तीन रूपांत ओळखायचा

मोठा भुंगेरा ओळखायला सोपा. लांबी साधारण ६ ते ९ मिलिमीटर, पाठ शेंदरी-लाल, डोकं, पाय, मिशा आणि पोट काळंकुळीत. पाठीवर ठिपके नाहीत. ठिपके असलेला, अर्ध्या वाटाण्यासारखा गोल तो लेडीबग. तो मावा खातो, त्याला हात लावू नका. शंका असेल तर किडा हलक्या मुठीत धरून कानाशी न्या. लिलीचा भुंगेरा धोका वाटला की शरीराचे भाग एकमेकांवर घासून बारीक कुईकुई आवाज काढतो. माझ्या मुलीला हे कळल्यापासून वेचणीसाठी मजूर शोधावा लागत नाही.

अंडी पानाच्या खालच्या बाजूला, बहुधा मधल्या शिरेच्या जवळ, वाकड्यातिकड्या ओळीत चिकटवलेली असतात. एका ओळीत तीनपासून बारापर्यंत. आकाराने मोहरीपेक्षा बारीक आणि लांबट, रंगाने नारंगी, फुटायला आली की तपकिरी. एक मादी साडेचारशेपर्यंत अंडी घालू शकते. म्हणून एप्रिलमध्ये सापडलेली एक मादी जूनमध्ये सापडलेल्या पन्नास किड्यांपेक्षा मोलाची.

आता अळी. झाडाची खरी नासाडी करते ती हीच, आणि नवीन माणसाला ती अळी आहे हेच कळत नाही. पिवळसर-नारंगी, गुबगुबीत, काळ्या डोक्याची अळी स्वतःची विष्ठा पाठीवर थापून घेते आणि ते ओलं काळपट ओझं घेऊन फिरते. पक्षी तिला तोंड लावत नाहीत, मुंग्याही दूर राहतात. लांबून बघितलं तर पानावर चिखलाचा शिंतोडा किंवा पक्ष्याची घाण पडल्यासारखी दिसते. पहिल्या वर्षी मी ते पाण्याच्या नळीने धुऊन काढलं आणि समाधानाने आत गेले. चार-पाच दिवसांनी तो शिंतोडा परत आला होता, दुप्पट.

कोवळ्या अळ्या पानाचा खालचा थर खरवडतात, त्यामुळे पानावर तेलकट कागदासारखे पारदर्शक डाग पडतात. मोठ्या झाल्या की पूर्ण पान खातात, मग दांड्यावर वर सरकत कळ्यांपर्यंत पोचतात. पारदर्शक डाग दिसले की पान उलटायचं. त्या वेळी अळ्या अजून एकाच पानावर घोळक्याने असतात, एक पान खुडलं की अख्खी टोळी जाते.

वर्षाचं वेळापत्रक

या भुंगेऱ्याची वर्षाला एकच पिढी होते, ही आपल्या बाजूची गोष्ट. मोठे भुंगेरे हिवाळा मातीत आणि पाचोळ्यात काढतात, तेही लिलीच्या बुंध्याशीच असं नाही. कुंपणापलीकडच्या झाडीतही असू शकतात. मार्चअखेरपासून ते बाहेर येऊ लागतात, खातात, जोडी जमवतात. मे महिन्यात अंडी जोरात. अंडी साधारण आठवडाभरात फुटतात. अळी दोन ते तीन आठवडे खाते, मग मातीत उतरून कोष करते, आणि आणखी तीनेक आठवड्यांनी नवा भुंगेरा वर येतो. म्हणजे जूनअखेरपासून नवे लाल किडे दिसू लागतात. ते त्या वर्षी अंडी घालत नाहीत, फक्त खातात आणि थंडीला तयार होतात.

यातून कामाचा हिशोब निघतो. अंडी फुटायला आठवडा लागत असेल तर आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघितली की अंड्यांची जवळजवळ प्रत्येक ओळ अळी बाहेर पडायच्या आत सापडते. फक्त रविवारी बघणाऱ्याची एखादी ओळ हमखास निसटते. मी बुधवार आणि रविवार धरलेत. पंधरा-वीस दांडे असतील तर दहा मिनिटांचं काम आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हे चुकवायचं नाही. आधी आणि नंतर आठवड्यातून एकदा नजर टाकली तरी चालतं.

वेचणी: हात कसा चालवायचा

भुंगेरा बोटांनी पकडायला गेलात की तो पाय सोडून देतो आणि खाली पडतो. पडतो तोही नेमका उताणा, काळं पोट वर करून. काळ्या मातीवर काळं पोट, मग शोधत बसा. म्हणून हात वरून न नेता खालून न्यायचा.

लोणच्याची रुंद तोंडाची रिकामी बरणी घ्या, तिच्यात चार बोटं पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब टाका. साबणामुळे किडा पाण्यावर तरंगत न राहता बुडतो. एका हाताने बरणी किड्याच्या बरोबर खाली धरायची, दुसऱ्या हाताने पानाला वरून टिचकी मारायची. पडायची त्याची सवय त्याला आपोआप बरणीत नेते. दाट झुडपात बरणी घुसत नसेल तर बुंध्याशी स्टीलचं ताट नाहीतर पांढरा जुना टॉवेल अंथरा. पडलेला किडा त्यावर लगेच दिसतो. सकाळी गारव्यात गेलात तर किडे सुस्त असतात. ऊन चढल्यावर ते उडतातही.

गावाकडे वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे बाभळीवर, कडुनिंबावर जमतात. शेतकरी रात्री फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतात. इथे तेच करायचं आहे, बाभळीच्या जागी लिली आणि रॉकेलच्या जागी साबण.

अंड्यांसाठी बरणी नको. पान उलटून अंगठ्याने ओळ चिरडून टाका, नाहीतर चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून ओळ उचलून घ्या. पान तोडायचा मोह टाळा. लिलीचा कंद पुढच्या वर्षीचं अन्न या पानांमधूनच साठवतो, आणि दांड्याला गेलेली पानं पुन्हा फुटत नाहीत. अळ्यांचा घोळका असलेलं पान मात्र खुशाल खुडा, ते तसंही गेलेलंच असतं. अळ्या काढताना रबरी हातमोजे घाला. विषारी नसतात, पण हाताला जे लागतं त्यानंतर जेवायला बसवत नाही.

पाण्याची नळी मारून अळ्या पाडणं हे अर्धं काम आहे. पाठीवरचं ओझं धुऊन जातं, अळ्या मात्र बऱ्याचशा परत चढतात.

फवारणी करायचीच असेल तर

दोन-चार दांडे असताना मी फवारणीच्या वाटेला जात नाही. पन्नास दांडे असतील, किंवा पंधरा दिवस भारतात जाऊन आल्यावर बाग काळी झालेली दिसली, तर गोष्ट वेगळी.

आपल्या लोकांच्या मनात पहिलं नाव येतं कडुनिंबाचं. बरोबर आहे, पण इथे एक गोम आहे. अळीची वाढ आणि भूक थांबवणारा कडुनिंबातला घटक म्हणजे अझाडिराक्टिन. इथल्या दुकानांत ‘नीम ऑइल’ म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत तो काढून घेतलेलं शुद्ध केलेलं तेल असतं. ते मऊ अंगाच्या किड्यांवर थोडंफार चालतं, पण या अळीला हवा तो घाव बसत नाही. मी पहिल्यांदा अशीच बाटली आणून तीन आठवडे इमानदारीने फवारत होते. लेबलवर सक्रिय घटकांच्या जागी अझाडिराक्टिन लिहिलेलं आहे का ते वाचा. इंडियन किराण्यात त्वचेसाठी मिळणारं कडुनिंबाचं तेल झाडावर वापरू नका. त्यावर झाडासाठीचं प्रमाण नसतं आणि पानं करपू शकतात.

अझाडिराक्टिन फक्त कोवळ्या अळ्यांवर चालतं. मोठ्या भुंगेऱ्याला त्याने फारसं काही होत नाही. अंडी फुटायला लागली की पाच ते सात दिवसांच्या अंतराने फवारायचं, आणि फवारा खालून वर मारायचा, पानाच्या पोटावर. वरून मारलेलं औषध अळीपर्यंत पोचत नाही.

दुसरा पर्याय स्पिनोसॅड. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारं हे औषध अळ्यांवर चांगलं चालतं, सेंद्रिय बागेतही त्याचे काही प्रकार चालतात. सेंद्रिय म्हणून निर्धोक असं मात्र समजू नका. ओलं असेपर्यंत ते मधमाश्यांसाठी विष आहे. सूर्यास्ताच्या सुमारास, माश्या घरी गेल्यावर, आणि कळ्या उमलायच्या आधीच फवारा. फुलं उमललेल्या झाडावर अजिबात नको.

कोणी मुळाशी ओतायचं इमिडाक्लोप्रिड सुचवेल. ते किडा मारतं, यात वाद नाही. पण ते झाडात भिनून परागात आणि मधातही उतरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १ जुलै २०२२ पासून या गटातली औषधं घरगुती बागेत परवानाधारक माणसाशिवाय वापरता येत नाहीत. जुन्या गॅरेजमध्ये आधीच्या मालकाची अर्धी बाटली सापडली तरी ती वापरायची नाही.

लसूण-मिरचीचं पाणी, कॉफीचा चोथा, दालचिनी हे सगळं मी करून बघितलं. बागेला वास छान आला.

तुमच्या बाजूने लढणारी गांधीलमाशी

हा भुंगेरा मूळचा युरोप-आशियातला. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात १९३९ पासून त्याने बस्तान बसवलं, उत्तर अमेरिकेत १९४० च्या दशकात मॉन्ट्रियलला दिसला, आणि अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९९२ मध्ये, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे. माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथून तो सगळ्या न्यू इंग्लंडभर पसरला. इथे त्याचा बंदोबस्त करणारं कोणी नव्हतं. युरोपात मात्र त्याच्या अळ्यांत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आहेत. ऱ्होड आयलंड विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी त्या आणून, तपासून सोडायला सुरुवात केली. त्यांतली टेट्रास्टिकस सेटिफर ही सगळ्यांत चांगली रुजली.

‘गांधीलमाशी’ म्हटल्यावर घाबरू नका. ही जेमतेम तिळाएवढी असते, माणसाला चावत नाही, आणि तुम्हाला ती दिसणारही नाही. ती भुंगेऱ्याच्या अळीत अंडी घालते. अळी मातीत उतरून कोष करते, पण त्यातून पुढच्या वर्षी भुंगेऱ्याऐवजी गांधीलमाश्या निघतात.

नवीन बागवाल्याने यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. या माश्यांची पिलं हिवाळाभर लिलीच्या बुंध्याशी मातीत असतात, तर मोठे भुंगेरे कुठेही विखुरलेले असतात. म्हणून भुंगेरे मारायला शरदात लिलीखालची माती खणून उलटी करण्यात नुकसान जास्त, फायदा कमी. दुसरं, तुमच्या भागात ही माशी सोडलेली असेल तर सरसकट फवारणीने तिलाही मारता. आपल्या राज्याच्या विद्यापीठाच्या विस्तार सेवेला फोन करून विचारा, ते मोफत सांगतात. माशी असेल तर मोठे भुंगेरे आणि अंडी वेचा, आणि कोपऱ्यातल्या एखाद्या दांड्यावरच्या थोड्या अळ्या तिच्यासाठी राहू द्या. मनाला पटत नाही हे मला माहीत आहे. मी तो दांडा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार नाही अशा जागी ठेवलाय.

झाड बोडकं झालंच तर

दांडा कापू नका. हिरवा आहे तोवर तोही थोडंफार अन्न तयार करतो. पाणी चालू ठेवा, कंपोस्टचा पातळ थर द्या. कंद बहुधा जिवंत असतो. पुढच्या वर्षी दांडा बारीक येईल, कदाचित फूल येणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षी येईल. सलग दोन-तीन वर्षं पानं गेली तर मात्र कंद खंगून मरतो. दांडा पूर्ण पिवळा पडून वाळला की मगच जमिनीलगत कापा.

नवीन लिली आणताना

भुंगेरा नव्या जागी पोचतो तो बऱ्याचदा कुंडीतल्या रोपाबरोबर. दुकानातच पानं उलटून बघा, दुकानदार काय म्हणेल याची लाज बाळगू नका. कुंडीतल्या मातीत किडा असू शकतो, म्हणून शक्य असेल तर शरदात स्वच्छ, मातीविरहित कंद घ्या.

घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, डेलिलीसुद्धा नाही. पान, फूल, अंगावर पडलेला पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. हे किड्याबद्दल नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्या लिली भुंगेऱ्याला सारख्या आवडत नाहीत. एशियाटिक जाती त्याला सगळ्यांत प्रिय, आणि नेमक्या त्याच दुकानात स्वस्त मिळतात. ‘ब्लॅक ब्यूटी’, ‘मादाम बटरफ्लाय’ आणि ‘उचिदा’ या जातींवर त्याची पिलावळ नीट वाढत नाही असं दिसून आलंय. ‘उचिदा’ माझी लाडकी, आणि त्याला कारण आहे. पांढऱ्या कडेची, किरमिजी ठिपक्यांची, मागे वळलेल्या पाकळ्यांची ही लिली इथे ऑगस्टच्या शेवटी फुलायला लागते आणि सप्टेंबरपर्यंत चालते. गणपती यायच्या सुमारास बागेतली बाकीची लिली संपलेली असते, जास्वंद थंड रात्रींनी कुरकुरत असते. अशा वेळी गौरीपुढे ठेवायला घरचा एक दांडा मिळतो.

कंद ऑक्टोबरमध्ये लावा, जमीन गोठायच्या आधी. पाणी साचणार नाही अशी जागा बघा, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा घ्या, खाली मूठभर वाळू. जागेवर एक काडी रोवून ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये तुम्हीच फावड्याने कोंब तोडाल. आणि बरणी धुऊन गॅरेजच्या दाराशीच ठेवा.